घडी मोडणारी

१

मंगळवारी जेवणाआधी आम्ही मस्कतला जायचो.

म्हणजे बसायचो जुन्या नाशकातच, दूध बाजारामागे तरन्नुमच्या घरी. फोन टीव्हीला जोडायचा, पंखा बारीक करायचा, आणि तिकडे मुस्तकीम स्वतःचा फोन समोर धरून जुन्या कापडबाजारात शिरायचा. मुस्तकीम मूळचा मालेगावचा. मस्कतला येणाऱ्या पाहुण्यांना खरेदीसाठी फिरवणं हा त्याचा धंदा. कुठला माल खरा, कुठला दुकानदार नुसताच गोड बोलतो, हे त्याला पाठ. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी तो असा फोनवरून फिरायचा. खासगी टूर, फक्त तुमच्या घरासाठी.

"ही अत्तरवाली गल्ली, ताई. वास तेवढा पाठवता येत नाय," तो म्हणायचा.

"नको पाठवू, बाबा," शेजारच्या गोजराबाई म्हणायच्या. "आमच्या गटारीचाच लय झाला." त्या सकाळी लवकर झेंडू विकून मोकळ्या होत आणि टूरला सगळ्यांच्या आधी हजर राहत. मस्कत कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण तिथले काही दुकानदार त्यांनी आवडते आणि नावडते असे वाटून टाकले होते.

मोहल्ल्याला आम्ही सांगितलं होतं की तरन्नुमच्या लग्नाची खरेदी चालली आहे. ते खोटं नव्हतं. पण टूर घ्यायचं डोकं माझं होतं आणि माझ्या डोक्यात खरेदी नव्हती. सितारा होती.

सितारा तरन्नुमची मोठी बहीण. मस्कतला एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला गेली. दोन वर्षं फोन नीट यायचे. मग कमी झाले, आणि गेल्या हिवाळ्यात थांबले. शेवटचा आला तो फोनसुद्धा नव्हता, आवाजाचा निरोप होता: "अम्मी, मी बरी आहे. आम्ही घर बदललं. खाली कापडबाजार आहे. नंतर बोलते." त्यामागे एक आवाज होता. टप्. थोडं थांबून टप्, टप्. पत्र्यावर पाणी पडल्यासारखा. आम्हाला वाटलं पाऊस. नंतर मी शोधून पाहिलं, तर त्या आठवड्यात मस्कतला थेंबही पडला नव्हता.

तक्रार आम्ही सगळीकडे केली. मी आणि तरन्नुम लॉ कॉलेजच्या एकाच बाकावरच्या, त्यामुळे अर्ज कसा लिहायचा ते आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. सगळीकडून उत्तर आलं, विचाराधीन. मला या शब्दाची चीड आहे. माणूस हरवलंय आणि तुम्ही विचार करताय.

चाचीने, म्हणजे तरन्नुमच्या आईने, एकच सांगून टाकलं होतं. "सिताराचा पत्ता लागेस्तोवर या घरात मेंदी भिजणार नाही." तरन्नुमच्या सासरची माणसं चांगली होती. पण चांगली माणसंसुद्धा किती थांबणार?

म्हणून आम्ही बाजार बघत होतो. गल्ली गल्ली, वरच्या खिडक्या खिडक्या. मुस्तकीमला मी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, "माझ्या पण बहिणी हायेत, ताई. कपडे बघत बघत बघू."

२

त्या मंगळवारी आम्ही एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे होतो. अरुंद, लांब दुकान. दोन्ही बाजूंना कापडाची थानं छतापर्यंत, आणि तळाशी माणसापेक्षा उंच आरसा. मुस्तकीमने चाचीसाठी एक डाळिंबी साडी काढायला लावली. चाची घरात साडीच नेसायची.

"पदर दाखव," चाची म्हणाली.

मुस्तकीमने पदर एका हातावर घेतला आणि फोन थोडा मागे नेला. आरसा दिसला. आरशात मुस्तकीम दिसला, निळा शर्ट, पोट, पोटासमोर धरलेला फोन. आणि त्याच्याशेजारी एक बाई, पाठमोरी.

तिने डोक्यावरून डाळिंबी पदर घेतला होता.

"ती कोण रे?" गोजराबाईंनी विचारलं.

"कोण?"

"तुझ्या बाजूला. आपलीच साडी नेसून बसली की."

मुस्तकीमने फोन फिरवला. शेजारी थानं होती, एक लाकडी शिडी होती. साडी त्याच्या हातावरच होती. त्याने फोन परत आरशाकडे नेला. मुस्तकीम, शर्ट, पोट.

"कुणी नाय, मावशी. मी हाय आणि हा म्हातारा हाय. मला फोनवर माझं पोटच दिसतंय, तेच बघून शरम वाटते."

तरन्नुम हसली. मीही हसले. पण चाचीने माझं मनगट धरलं होतं आणि ती सोडत नव्हती.

"सितारा," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. नेट अडकलं की आधीचं चित्र मागे राहतं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं असेल. डाळिंबी रंगाची साडी जगात काय एकच असते? मी बोलत होते तेव्हा मलाच एक गोष्ट टोचत होती, ती मी बोलले नाही. आरशातली बाई जेमतेम मुस्तकीमच्या खांद्याएवढी होती. आणि या घरातल्या माळ्यावरचा डबा स्टुलाशिवाय काढणारी एकच बाई होती, ती म्हणजे सितारा.

३

साडी, तरन्नुमचे दोन दुपट्टे आणि एक गुलाबी ओढणी असं पार्सल मुस्तकीमच्या ओळखीच्या माणसाबरोबर आलं. आम्ही ते चाचीच्या पलंगावर उघडलं. पिशवीतून उदाचा वास आला, आणि त्याखालून दुसरा एक. ओल्या कपड्याला इस्त्री केल्यावर येतो तसा, अंगाचा, उबदार.

गोजराबाईंनी साडी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली.

"ही कोणी नेसली हाय."

"नवी आहे, मावशी. डोळ्यांसमोर घेतलीय."

"मला नको शिकवू. घडी मोडली हिची." त्यांनी साडी उलगडून दाखवली. दुकानातल्या घडीची धार मेली होती. कमरेपाशी निऱ्या खोवल्याच्या चुण्या होत्या. काठाला खाली बारीक धूळ. आणि साडी परत नीट घडी घातलेली, पण दुकानासारखी नाही. घरातल्या बाया घालतात तशी, तळहाताने दाबून.

मग दुपट्टे पाहिले. तेही तसेच.

तरन्नुमला राग आला. फसवणूक आहे, म्हणाली, मुस्तकीमने वापरलेला माल पाठवला. मीही फोन उचलणार होते. पण चाची पलंगाच्या कडेवर बसली आणि साडीवरून हात फिरवत राहिली.

"गोजरा, तुमच्यात नवी साडी आधी दुसऱ्याला नेसायला देतात ना?"

"देतात की. घडी मोडायला. नणंदेला, जावेला, मैत्रिणीला. जिच्यावर जीव हाय तिलाच. माझ्या लग्नातल्या शालूची घडी तुझ्या सासूनं मोडली होती, विसरली काय?"

"नाही विसरले," चाची म्हणाली. "परक्या माणसाला देत नाहीत. आणि परकं माणूस मोडत पण नाही."

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. चाचीने साडी उचलली, नाकाला लावली, आणि आतल्या खोलीत घेऊन गेली. ती दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून स्वयंपाक करत होती.

मला हे सगळं पटत नव्हतं. मी पाच वर्षं पुरावा म्हणजे काय हे शिकले आहे. चुण्या हा पुरावा नाही. वास हा तर नाहीच. पण घरी जाताना रिक्षात मी माझ्या कुर्त्याची बाही तळहाताने दाबत बसले होते, हे नाशिक रोड आल्यावर माझ्या लक्षात आलं.

४

"मी वापरलेला माल पाठवत नाय," मुस्तकीम म्हणाला. तो दुखावला होता. "शिवलेली पिशवी दुकानदाराकडून उचलतो आणि देतो. विचारा मालेगावात कुणालाबी."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे. मला ते दुकान परत बघायचंय. आरसा."

त्याच्या बाजूला कुणीतरी शटर ओढलं.

"ताई, एक सांगू? तो म्हातारा दुपारी दुकान बंद करताना आरशावर चादर टाकतो. बाकीचे कुणी नाय टाकत. मी विचारलं तर बोलला, धूळ बसते. त्या गल्लीत धूळ कुठून येणार, वरून छत हाय."

"मग दुपारीच जाऊ. चादर टाकायच्या आधी."

"दुपारी बाजार बंद. कोण खरेदी करतं दुपारी?"

"आपण," मी म्हणाले. "भाऊ, मी तुम्हाला घाबरू नका असं सांगणार नाही. मला पण काहीतरी होतंय. पण समजा आरशात काहीच नाही, तर तुमची एक दुपार वाया गेली. आणि समजा आहे, तर ते आपल्याला दिसलं. दुसऱ्या कुणाला दिसायची वाट बघत किती दिवस बसायचं?"

"तुम्ही वकील झाल्या का, ताई?"

"होणार आहे."

"अल्ला त्या जजवर रहम करो," तो म्हणाला.

५

मस्कतचा बाजार दुपारी बंद होताना मी कधी ऐकला नव्हता. आधी शटरं पडतात, लांबून जवळ. मग माणसांचे पाय. मग काहीच नाही, फक्त वातानुकूलन यंत्रांची घरघर, सगळ्या भिंतींमधून. आमच्या टीव्हीतून ती घरघर खोलीत भरली. गोजराबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

म्हाताऱ्याने मुस्तकीमला आत सोडलं आणि स्वतः दारात उभा राहिला. त्याच्या हातात घडी घातलेली चादर होती.

आरशात निळा शर्ट होता. शेजारी ती.

या वेळी तिच्या खांद्यावर गुलाबी ओढणी होती. तीच ओढणी आमच्या पलंगावर, तरन्नुमच्या गुडघ्याशी होती. तिने ती साडीच्या पदरासारखी घेतली होती, आणि टोक कमरेला घट्ट खोचलं होतं, शेतात वाकायच्या आधी बाया खोचतात तसं. सिताराला साडी नेसता येत नव्हती. मी हेही त्या क्षणी बोलले नाही.

"काय दिसतंय, ताई?" मुस्तकीमचा आवाज बारीक झाला होता.

"चालायला लागली," चाची म्हणाली.

आरशाच्या आत, पाठमोरीच, ती दुकानाच्या दाराकडे चालत गेली आणि चौकटीच्या कडेला संपली.

"बाहेर या," मी म्हणाले. "बाहेर काच कुठे आहे?"

समोर घड्याळांच्या दुकानाची काच होती. तिच्यात बंद शटरं, पिवळा दिवा, आणि गल्लीच्या डाव्या तोंडाशी गुलाबी ठिपका. मुस्तकीम डावीकडे वळला. तिथे चांदीवाल्याची काच. मग एका बंद हॉटेलाचं काळं दार. प्रत्येकात ती जराशी पुढे, आणि गल्लीत मात्र कुणी नाही. मी "डावीकडे", "सरळ", "पुन्हा डावीकडे" म्हणत होते आणि माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. तरन्नुमने माझा दुसरा हात धरला होता. मुस्तकीम तोंडातल्या तोंडात काही म्हणत चालत होता; दुआ असावी. छत संपलं. ऊन आलं. टीव्ही क्षणभर पांढरा झाला.

आणि त्या पांढऱ्यात आम्ही ऐकलं.

टप्. थोडं थांबून टप्, टप्.

एका गोदामाची मागची भिंत होती. वर यंत्र लटकत होतं आणि त्याचं पाणी खालच्या पत्र्यावर पडत होतं. बाजूला लोखंडी जिना. जिन्याखाली पाण्याचं लहानसं डबकं साचलं होतं. मुस्तकीम ते ओलांडताना फोन खाली कलला आणि डबक्यात आभाळ दिसलं, जिना दिसला, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली ती. दमून बसावं तशी. हात मांडीवर, तळवे वर.

"वर जा," चाची म्हणाली. "बेटा, वर जा."

"वर कुणी हाय का, अम्मी?" एक धंदेवाला माणूस लहान मुलासारखा विचारत होता.

"माझी मुलगी आहे."

तो गेला. वर दार होतं, बाहेरून कडी आणि कुलूप. दाराला जाड धुरकट काचेची पट्टी. मुस्तकीमने काचेवर बोटाने वाजवलं. यंत्राची घरघर. टप्. त्याने पुन्हा वाजवलं.

आतून काचेवर एक तळहात टेकला. काच तळहाताभोवती वाफेने पांढरी झाली. श्वासाची वाफ.

मुस्तकीम एवढ्या मोठ्याने ओरडला, की जुन्या नाशकात आमच्या शेजाऱ्यांनी दार वाजवून विचारलं, काय झालं.

६

पुढचं सगळं भराभर झालं आणि त्यात काही गूढ नव्हतं. दुकानदार जमले, पोलीस आले. म्हातारी बाई हिवाळ्यातच वारली होती. तिच्या मुलाने नवं काम लागेपर्यंत म्हणून सिताराला गोदामावरच्या खोलीत आणलं, तिथून तिचा तो शेवटचा निरोप आला, आणि मग त्याने तिचा पासपोर्ट आणि फोन काढून घेऊन तिला कोंडलं. आठवड्याला धान्य आणून टाकायचा. ती दार वाजवायची, पण त्या यंत्राखाली कुणाला ऐकू येणार? आमचे अर्ज मग एकदम विचाराधीन राहिले नाहीत. मी दिवसभर फोनवर असायचे, सगळ्यांशी भांडायचे, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

सितारा आली तेव्हा दारातून आत येताना वाकली. नेहमीसारखीच; ती चौकट तिला पहिल्यापासून बुटकी आहे. चाचीने तिला धरलं तर चाचीचं डोकं तिच्या छातीशी आलं. मी भिंतीला टेकून बघत होते. आनंद तर होताच, पण आरशातली बाई मुस्तकीमच्या खांद्याएवढीच होती, हेही मला आठवत होतं. गोजराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही मापलं होतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी तिला विचारलं, तुझ्याबरोबर तिथे कुणी होतं का.

"नाही," सितारा म्हणाली. मग म्हणाली, "बाजूच्या खोलीत होती एक. दिसली कधी नाही. कपडे झटकायची आणि घडी घालायची. रोज. आधी झटकल्याचा आवाज, मग हात फिरवल्याचा. मला बरं वाटायचं. वाटायचं, बाजूला बाईमाणूस आहे, म्हणजे मी वेडी होणार नाही."

"कुठल्या बाजूला?"

तिने उजवा हात उचलला, मग थांबली. मी मुस्तकीमच्या फोनवरून ती भिंत पाहिली होती. त्या भिंतीला यंत्र लटकत होतं. पलीकडे नुसतं ऊन होतं.

७

मेंदी भिजली. तरन्नुमच्या निकाहाला सगळा मोहल्ला जेवला. गुलाबी ओढणी सिताराने घेतली, धुतली नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही पुन्हा टीव्हीला फोन जोडला. तरन्नुम सासरी होती. आम्ही चौघी होतो. काही घ्यायचं नव्हतं, असं मी तरी समजत होते. पण कुठली साडी बरी ते चाचीने गोजराबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं.

"मुस्तकीम, बेटा, एक सुती साडी बघ. हिरवी. काठ बारीक. कामाच्या बाईला नेसायला सोपी पडेल अशी."

"कुणासाठी, अम्मी?"

"तू घे तर."

म्हाताऱ्याने हिरवी साडी काढली. मी मुस्तकीमला सांगितलं, की पिशवीत घालू नका, आरशासमोर धरा आणि थोडा वेळ थांबा. त्याने धरली. म्हातारा दारात उभा होता आणि त्याने या वेळी चादर आणली नव्हती.

"घे गं बाई," गोजराबाई टीव्हीला म्हणाल्या. "आमच्याकडनं हाय. तूच मोड घडी."

आरशात आधी फक्त निळा शर्ट होता. मग खांद्यापाशी हिरवा काठ आला. तिने पदर कमरेला खोचला नाही, मोकळा सोडला. मग ती वळू लागली. मला तिचा कान दिसला, कानामागे घेतलेले केस, आणि गोंदलेल्या मनगटाचा हात. चेहरा येता येता ती थांबली. तिने हात लांब केला, आरशाच्या आतल्या बाजूला, जिथे आतापर्यंत थानं होती.

तिथे दुसरी एक बाई उभी होती. तिच्यामागे आणखी एक. त्या तिच्यासारख्या नव्हत्या. पाठमोऱ्या नव्हत्या. आमच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडासमोर आरसा आतून श्वासाच्या वाफेने पांढरा होत होता.

चाचीने सिताराला जवळ ओढलं. सितारा मात्र पुढे सरकली, टीव्हीच्या अगदी जवळ, आणि स्वतःचा तळहात काचेवर ठेवला.

मला भीती वाटली. ती अजून वाटते. पण त्याहून मला घाई झाली होती; त्या दोघीही कुठेतरी अशाच कोंडलेल्या असणार.

"ताई," मुस्तकीमने विचारलं, "मला काय दिसत नाय. कुठं वळू?"

हिरव्या साडीतली चालायला लागली होती.

"बाहेर या, भाऊ," मी म्हणाले. "आणि डावीकडे."